दिवसा बारा बोअर, रात्री गावठी

मी कलेक्टर ऑफिसात गृह शाखेला क्लार्क, शस्त्र परवान्यांचं टेबल माझ्याकडे. जिल्हा खानदेशातला, एवढंच सांगतो. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागली होती तेव्हाची गोष्ट.

निवडणुकीत कोणाचं परवान्याचं हत्यार जमा करायचं ते ठरवणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीने ज्यांना हत्यार जमा करायला सांगितलं ते सगळे सकाळपासून सूट मागायला रांगेत. त्यात एक आबा, सत्तरीचे, पीक संरक्षणाचा परवाना, सिंगल बॅरल बारा बोअर बंदूक. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, नूतनीकरण एकदाही चुकलेलं नाही. म्हणे, "भाऊसाहेब, मका अजून उभाय, डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार?" माझ्या हातात काही नव्हतं. म्हटलं आबा, ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा, निकालानंतर मिळेल. गेले बिचारे.

संध्याकाळी घरी निघणार तर साहेबांनी बोलावलं, पोलिसांचं पत्र आलंय, दोन सरकारी पंच पाहिजेत, तू जा. (बायको आजारी असलेले दोघं आधीच गायब.) चोपडा रोडवर एका बंद ढाब्यापाशी सापळा, डास फोडून खात होते. साडेनऊला नंबर प्लेट नसलेली बाइक आली, वर बावीस-तेवीसचा पोरगा, हवालदारांनी शर्ट वर केला तर कमरेला पिस्तूल, मॅगझीनसकट. जुलैपासून नव्या कायद्याने जप्तीचं शूटिंग लागतं म्हणून एक शिपाई मोबाईल धरून उभा, आणि पोरगा त्या मोबाईलकडे बघून चक्क केस नीट करत होता.

हवालदार म्हणाले, उमर्टीचा माल. म्हणजे चोपड्याच्या पलीकडे हद्द ओलांडली की मध्य प्रदेश, बडवानी जिल्हा, तिथे भट्टीवर बनतात. २०१९ ला कायदा कडक केला, परवाना असेल तरी तीनऐवजी दोनच हत्यारं, विनापरवाना बनवलं-विकलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. दोनचा नियम आम्ही आबांसारख्यांना तोंडपाठ करून दिला, पण या पोराने परवान्याचा फॉर्म तरी बघितला असेल का?

तेवढ्यात पंचनामा सांगणाऱ्याने टॉर्च धरून काडतूस माझ्यासमोर केलं, "बघा, बुडाला काय कोरलंय?" केएफ ७.६५. केएफ म्हणजे खडकी, पुण्याची सरकारी फॅक्टरी. मला एकदम घाम फुटला खरं सांगतो. पिस्तूल भट्टीत होतं, पण हे काडतूस नाही होत. हे बहुतेक कुठल्यातरी दुकानातून, कुणाच्या तरी परवान्यावर, रीतसर नोंद होऊन बाहेर पडलं असणार, आणि तशा नोंदींवर शिक्के आमच्यासारखेच कोणीतरी मारतात. कडक कायद्याने गुन्हेगाराला हत्यार मिळायचं थांबतं का म्हणून लोक वाद घालतात ना, माझं म्हणणं एवढंच की नळी थांबत नाही पण गोळी थांबवता येते, दुकानाचं रजिस्टर आणि परवान्यावरचा काडतुसांचा आकडा कोणी जुळवून बघितला तर. आमच्याकडे ते कोण करतं? आम्ही आबांची पावती तपासतो.

पिस्तूल कापडात बांधलं, लाखेचं सील, चिठ्ठीवर सह्या. घरी पोचायला दीड वाजला.

पुढे त्या पोराची फाइल आमच्याच शाखेत आली, आर्म्स ॲक्टच्या कलम ३९ प्रमाणे खटल्याला कलेक्टरची मंजुरी लागते ना. त्या पिस्तुलाची आमच्या दप्तरातली ही पहिली नोंद. मी त्यात पंच होतो म्हणून फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली. आबा त्याच आठवड्यात बंदुकीचं विचारायला आले होते, मका गेला म्हणाले.