तूप कढतंय, गप्प बसा

दूध तापवून, निववून, पातेलं रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की पुढचं काम दूध आपलं आपण करतं. हलके स्निग्ध कण सावकाश वर येतात, पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या पापुद्र्यात अडकतात आणि सकाळी झाकण काढावं तर जाड, पिवळसर, कडेला जराशी सुरकुतलेली साय तयार. चमच्याने कडा सोडवायची आणि अख्खी साय न फाटता उचलायची. न फाटता निघाली तर दिवस बरा जाणार, असं मी मानतो. याला शास्त्राधार नाही, अनुभवाचाही नाही. तरी मानतो.

ही साय एका स्टीलच्या डब्यात जाते. तळाला चमचाभर दही आधीच लावलेलं असतं, त्यामुळे वर पडत जाणारी साय हळूहळू विरजते. डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, अगदी मागे. मागे अशासाठी, की आमच्या घरात सायीचे चोर आहेत. गरम पोळीवर साय आणि साखर पसरून गुंडाळी करून खाणारी एक मुलगी, आणि ‘मी फक्त चव बघितली’ म्हणणारी तिची आई. गोकुळात निदान हंडी शिंक्याला टांगायची तरी सोय होती.

सगळ्याच दुधावर अशी साय येत नाही, हे पिशवीचं दूध घेणाऱ्यांना सांगायला नको. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, फुल क्रीममध्ये ६. त्यातही पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असं छापलेलं असलं की आशा सोडावी. त्यात स्निग्ध कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर यायचे कष्टच घेत नाहीत. टोन्ड दूध ही तर आपल्या मुंबईचीच देणगी. १९४६च्या सुमारास दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून ते बेताचं केलं, आणि तेवढ्याच दुधात कितीतरी जास्त घरांची सोय झाली. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस थोर, काम त्याहून थोर. पण सायीच्या बाजूने विचार केला तर त्यांनी आमचं नुकसानच केलं, हे नोंदवून ठेवतो. आमच्याकडे गोठ्यावरून सुटं म्हशीचं दूध येतं. दूधवाले दादा अधूनमधून भाव वाढवतात, तेव्हा मी थोडी कुरकुर करतो आणि मग सायीकडे बघून गप्प बसतो.

डबा भरला की रविवार ठरतो. आई रवी आणि बरणी घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी मिक्सर लावतो. रवी गेली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी ती घुसळली नाही, तेच जास्त हळहळतात. आईला मिक्सर आला तेव्हा झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय. मिक्सरचं पात्र निम्मंच भरायचं, थोडं पाणी घालायचं. उन्हाळ्यात बर्फाचं, थंडीत कोमट. कारण साधं आहे. फार गरम असेल तर लोणी चिकट होऊन पात्राला माखतं, फार गार असेल तर कण एकमेकांना धरतच नाहीत. आधी सगळं फुगतं, घट्ट होतं, मिक्सर दमल्यासारखा घुमतो. मग एका क्षणी आवाज पातळ होतो, खळखळ ऐकू येते. लोणी आलं! हे मी दर वेळी मोठ्याने ओरडतो. ऐकायला कोणी नसलं तरीही. ‘अरे, दर वेळी येतंच ना?’ असं बायको म्हणते. येतं. म्हणून काय झालं? सूर्यही रोज उगवतो आणि लोक महाबळेश्वरला पहाटे उठून तो बघायला जातातच की.

लोणी दोन-तीनदा गार पाण्याने धुवायचं, गोळा करायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. यापुढचा अर्धा तास माझा. फोन दुसऱ्या खोलीत, रेडिओ बंद. घरात कोणी काही विचारायला आलं की एकच उत्तर : तूप कढतंय, गप्प बसा. हा उद्धटपणा नाही, तांत्रिक गरज आहे. लोण्यात पाणी असतं, साधारण पाचवा हिस्सा धरा. ते उकळून उडत असतं तोवर लोणी चडचड बोलतं. आणि पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणजे धोका नाही. पाणी संपत आलं की चडचड विरळ होते, बुडबुडे बारीक होतात, वर पांढरा हलका फेस धरतो. मग आवाज जवळजवळ थांबतो. इथून पुढे उष्णता झरझर चढते आणि तळाशी बसलेला दुधाचा अंश बदामीचा तांबूस, तांबूसचा काळा व्हायला फार वेळ लागत नाही. तूप डोळ्यांनी नाही, कानांनी कढवायचं असतं. याच वेळी कोणीतरी ‘माझा चार्जर पाहिलास का?’ असं विचारतं.

गॅस बंद करता करता एक विड्याचं पान टाकायचं. ते तडतडून कुरकुरीत होतं आणि तुपाला एक निराळाच वास येतो. कोणी मिठाचे खडे टाकतात, कोणी तुळशीचं पान, कोणी मेथीचे चार दाणे. प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं आणि तसंच असावं. वास जिन्यातून खाली उतरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणतात, ‘आज कढवलंत वाटतं!’ आमच्या इमारतीत कोणाकडे नवी गाडी आली तर काकूंना पत्ता नसतो. तूप मात्र चुकत नाही.

आता पैशांचं. मित्राने मला एकदा कागदावर मांडून दाखवलं : लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅम स्निग्धांश, तो सगळा काही सायीत येत नाही, वर गॅस, वीज, रविवारचा तास, आणि नंतर तेलकट भांडी घासायला लागणारं गरम पाणी. दुकानातून बरणी आण, तो म्हणाला, आणि त्या वेळात काहीतरी कर. हिशेब बरोबर होता. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना. जरा आग्रह केल्यावर म्हणाला, फिरायला जा, पुस्तक वाच, मन रमव. माझं मन रमलेलंच होतं की! जाताना वाटीभर तूप घेऊन गेला.

तूप गाळून बरणीत ओतलं की तिला हलवायचं नाही. सावकाश निवलं तर दाणे धरतात, रवाळ होतं. घाईने फ्रिजमध्ये घातलं की नुसता गुळगुळीत गोळा. म्हशीच्या दुधाचं म्हणून आमचं तूप पांढरंशुभ्र. गाय चाऱ्यातला पिवळा रंग दुधात बराचसा तसाच उतरवते, म्हैस त्याचं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते. गाईच्या पिवळ्या तुपाचं कौतुक करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मऊ भात, मेतकूट आणि वर रवाळ तुपाचा गोळा. तो विरघळेपर्यंत थांबायचा धीर ज्याच्यात आहे, त्याने कुठल्याही रंगाचं घ्यावं.

आणि गाळणीत उरते ती बेरी. तांबूस, चिकट, किंचित आंबूस. लहानपणी ही खरवडायला पातेलं कोणाच्या वाट्याला येणार यावरून भावंडांत हाणामारी व्हायची. आता तीन माणसांत लोकशाही आहे, म्हणजे भांडण जास्त वेळ चालतं. मी साखर घालणारा. बायको गुळाची. मुलगी म्हणते कणकेत मळून पराठे करा, डाएटला बरं. डाएटला बरं! गेल्या रविवारी आम्ही दोघं या मुद्द्यावर तिची समजूत घालत होतो, तेवढ्यात तिने उभ्याउभ्याच अर्धी गाळणी संपवली. कशाबरोबर खाल्लीस, असं विचारलं तर म्हणाली, कशाचीच गरज नाही.