ट्रॅक्टरनं ओढायची नव्हती ती गाडी

"रस्सा बांधा, दुसऱ्या गिअरात टाका आणि ट्रॅक्टरनं शंभर पावलं ओढा. सुटेल इंजिन." खंडवा रोडकडच्या त्या शेतावर जमलेल्या प्रत्येकाचं हेच म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. पंचवीस वर्षं इंदूरमध्ये डिझेल इंजिनं उघडतोय. जाम इंजिन ओढून सुरू करायच्या नादात वाकलेले कनेक्टिंग रॉड मी स्वतःच्या हातांनी बाहेर काढलेत.

गाडी १९६४ ची. टाटा मर्सिडीज-बेन्झ, लांब बोनेटची, पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बनवायला घेतले. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ ला संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. त्यामुळे तारा असलेली गाडी दिसली की आमच्या धंद्यातला माणूस थांबतोच. जुन्या गाडीवरून आधी चोरीला जातो तो ताराच. इथला जागेवर होता, कारण बोनेटसमोर वर्षानुवर्षं भुशाची पोती रचलेली होती.

मालक रामबागेतले एक काका, वय ऐंशीच्या पुढे. वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता आणि ड्रायव्हर आला नाही की तरुणपणी काका स्वतः इंदूर-मुंबई फेरी मारायचे. आता शेत विकलं गेलं होतं आणि नव्या मालकाला जागा मोकळी हवी होती. भंगारवाल्यानं वजनावर एक लाख दहा हजार सांगितले होते. मी सव्वा लाख म्हणालो. काकांनी आकड्याकडे लक्षच दिलं नाही. "ते होईल रे. आधी सांग, तू कापणार तर नाहीस ना?"

"नाही काका. चालवणार."

"मग बघ नीट. मला फसवायचं नाहीये तुला."

केबिन पार कुजलेली होती, पण मी तिकडे फारसं बघितलं नाही. त्या काळी कंपनीकडून चेसिस आणि बोनेटचा भाग यायचा. केबिन आणि हौदा बॉडीवाले लाकडात बांधायचे. लाकूड सुतार पुन्हा करून देतो. चेसिस कोणी देत नाही. हातोडी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढून मागेपर्यंत ठोकत गेलो. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, खाल्लेलं थप्प. मागच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळ एक जुनी चीर निघाली, वेल्डिंग केलेली, पण करणाऱ्यानं मनापासून केलेली. बाकी सगळीकडे टण्ण.

मग नंबर. रॉकेलचं फडकं आणि तारेचा ब्रश घेऊन चेसिसवरची चिकट काळी पुटं काढली, त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढलं. मी वाचत गेलो, ते बोट ठेवून जुळवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हाच मी पैशाचं पाकीट बाहेर काढलं. कागद जुळत नसते तर इतकी चांगली चेसिस असूनही मी परत फिरलो असतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती इथेच सांगतो. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आला, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळायला लागली. पण तो दुचाकी आणि खासगी चारचाकींसाठी. मालवाहू ट्रकाला त्यात जागा नाही. राजवाड्यातल्या मोटारी जपल्या जातात, जपल्याच पाहिजेत. पण ज्या गाड्यांनी आग्रा-मुंबई रस्त्यावरून माळव्याचा कापूस आणि गहू वाहिला, त्यांच्या नशिबी गॅसकटरच का?

क्रेननं उचलून, ट्रेलरवर टाकून गाडी देवास नाक्याजवळच्या माझ्या गॅरेजात आणली. सिलिंडरांत डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले आणि भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून ओतलं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. सकाळी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, दातांत पहार अडकवून पुढे जरा, मागे जरा, आणि तेही एका माणसाच्या जोरानं. पोऱ्या दुसरी पहार लावायला आला की त्याला मागे सारायचो. नवव्या दिवशी फ्लायव्हील अर्धं बोट सरकलं. कर्र असा बारीकसा आवाज आला. पोऱ्या ओरडला, मी त्याला गप्प केलं आणि फ्लायव्हील तितकंच मागे घेतलं.

हेड उघडल्यावर कारण दिसलं. पाच सिलिंडरांचे बोअर, म्हणजे आतल्या भिंती, तेलकट, चकचकीत. चौथ्यात मधोमध गंजाचं तांबडं कडं. गाडी शेवटची थांबली तेव्हा त्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिला होता, वर एअर फिल्टर नव्हता, आणि इतक्या पावसाळ्यांचं पाणी त्या एकाच वाटेनं आत झिरपलं होतं. रिंगा नेमक्या त्या कड्यावर चिकटल्या होत्या. ट्रॅक्टरनं ओढली असती तर पिस्टन तिथेच राहिला असता आणि खालचा रॉड वाकला असता. मी काकांना फोन करून ते कडं कसं दिसतं तेवढं सांगितलं.

ब्लॉक बोअरिंगला गेला, पिस्टन-रिंगा जमवायला चार महिने लागले, पंप आणि नोझल टेस्ट करून आणले. ते सगळं इथे सांगत बसत नाही.

इंजिन सुरू करायचा दिवस जानेवारीतला. गारठा चांगलाच होता. हे इंजिन प्रीचेंबरचं, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं; थंडीत हीटर तापल्याशिवाय पेट घेत नाही. सहा सिलिंडरांचे सहा हीटर एकाच माळेत जोडलेले असतात, बॅटरीचा व्होल्ट सहांत वाटला जातो. डॅशबोर्डवर एक छोटी जाळी असते. ती लाल झाली की ड्रायव्हरला कळतं, आत तापलं. मी काकांना अकराला बोलावलं होतं, ते नऊलाच रिक्षातून उतरले. स्वेटर, कानटोपी, हातात आरसीची तीच पिशवी.

हीटरची चावी ओढली. जाळी काळीच. टेस्ट लॅम्प लावत गेलो. दोनपर्यंत दिवा लागला, तिसऱ्याच्या पुढे नाही. म्हणजे तिसरा गेलेला. तिथे मी घाई केली. काका समोर उभे होते, मला त्यांना परत पाठवायचं नव्हतं. तिसरा वगळून वायर सरळ चौथ्याला जोडली. पाचांवर सहांचा भार आला. जाळी लाल झाली, मग पिवळी, पांढरी, आणि पटकन विझली. पाचवाही जळला. नऊ दिवस ज्या इंजिनाला जोर लावू दिला नाही, त्याच्याशी मीच जबरदस्ती केली होती.

"काका, चूक माझी आहे. आज बहुतेक होणार नाही."

"मी बसतो," काका म्हणाले आणि पोऱ्यानं आणलेल्या स्टुलावर बसले. "चहा सांग."

मी माझ्या उस्तादांना फोन केला. बारा वाजता ते तंबाखूचा जुना डबा घेऊन आले, त्यात कापडात गुंडाळलेले सात हीटर. काजळी घासून एकेक तपासला. दोन जिवंत निघाले. बसवले, वायरिंग मूळ होतं तसं केलं. चावी ओढली. जाळी हळूहळू लाल झाली, लालच राहिली. चाळीसपर्यंत मोजलं आणि सेल्फ मारला.

आधी नुसता पांढरा धूर. मग एक ठोका, मग दोन. बोनेट गदागदा हललं आणि बघता बघता सहांचे ठोके एका ओळीत लागले. ऑइलचा काटा वर चढून थांबला. धूर विरळ होत गेला.

काका उठून बोनेटजवळ आले. तळहात मडगार्डवर ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "मुंबईच्या वाटेवर बिजासन घाट उतरताना तिसऱ्या गिअरचा दांडा धरून ठेवायचा. सुटतो तो. अडुसष्टपासून सुटतोय."

गिअरबॉक्स मी अजून उघडलाच नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि पोऱ्याला जॅक आणायला सांगितलं.