सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची लॅब क्लाउडवर नेली तेव्हा

तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल घ्यायचं म्हणजे सत्राचे सुरुवातीचे आठवडे इन्स्टॉलेशनमध्ये गेलेच म्हणून समजा. लॅबमधली मशीन ४ जीबी रॅमची. कुठे पायथन ३.६, कुठे ३.११, आणि मायएसक्यूएलचा पासवर्ड मागच्या बॅचनं काय ठेवलाय ते देवालाच ठाऊक. टेस्टिंग, व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं), चौघांचा कोड एकत्र जोडणं हा विषयाचा खरा गाभा, पण तो सबमिशनच्या आठवड्यात कसाबसा उरकला जायचा.

आधी वाटलं, प्रत्येकाला क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचा भाड्याचा कॉम्प्युटर द्यावं. पण साइन-अप करतानाच कार्ड मागतात. मुलांकडे कार्ड कुठून असणार? शिवाय मशीन थांबवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. एचओडी (विभागप्रमुख) सरांनी एकच प्रश्न विचारला, "बिल आलं तर कुणाच्या नावावर?" विषय तिथेच संपला.

मग कोड ठेवायची साइट असलेल्या गिटहबच्या कोडस्पेसेसकडे वळले, म्हणजे ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या क्लाउडवरच्या मशीनकडे. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात आणि कार्ड लागत नाही. पायथनची आवृत्ती, लागणारी पॅकेजेस, डेटाबेस हे सगळं मी डेव्हकंटेनरच्या फाइलमध्ये, म्हणजे मशीन कसं तयार करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, एकदाच लिहून ठेवलं. मुलांनी ब्राउझर उघडला की प्रत्येकासमोर तंतोतंत तेच लिनक्स मशीन. "मॅडम, माझ्याकडे चालत होतं" ही सबब त्या दिवसापासून बंद झाली.

१२० कोअर-तास म्हणजे १२० तास नव्हेत, मशीनच्या प्रोसेसरमध्ये जितके कोअर तितक्या पटीनं ते खर्च होतात, हे मात्र फळ्यावर मांडून दाखवावं लागलं. दोन कोअरचं मशीन घेतलं तर ६० तास, चार कोअरचं घेतलं तर ३०. मोठं ते चांगलं म्हणून काहींनी चार कोअरचं निवडलं आणि महिना संपायच्या आत त्यांचा कोटा संपला. टॅब बंद केला म्हणजे मशीन बंद झालं असंही नाही. काही केलं नाही तरी ते डीफॉल्टनुसार अर्धा तास चालू राहतं. ती मुदत सेटिंगमध्ये जाऊन कमी करायला लावली.

नेटची भीती होती, ती बरीचशी फोल ठरली. कॉलेजची लाइन गेली की मुलं मोबाइलचा हॉटस्पॉट लावत. पॅकेजेस तिकडे सर्व्हरवरच उतरतात, मुलांचा डेटा फक्त एडिटरपुरता जातो. लाइट गेली तरी लिहिलेलं तिकडे शाबूत. लॅबच्या जुन्या मशीनवर हे कधीच मिळालं नव्हतं.

कोड पुश केला, म्हणजे गिटहबवर चढवला, की तो तपासणाऱ्या माझ्या टेस्ट आपोआप चालतील अशी सोय गिटहब क्लासरूम या शिक्षकांसाठीच्या साधनातून केली होती. एका ग्रुपच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. कोड उघडला तर बसभाड्याच्या फंक्शनमध्ये लिहिलेलं: किलोमीटर ५ असेल तर १० परत कर, १२ असेल तर २० परत कर. माझ्या टेस्टमधले आकडे बघून उत्तरंच भरली होती! रागवायचं सोडून तोच कोड प्रोजेक्टरवर लावला आणि वर्गाला विचारलं, ही चोरी पकडणारी टेस्ट लिहा. टेस्ट केसेसवरच्या माझ्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा तो तास भारी झाला.

पण क्लाउडचा सगळ्यात मोठा उपयोग मला झाला तो कमिटच्या नोंदींचा, म्हणजे कोडमधला कुठला बदल कुणी आणि कधी जतन केला त्या नोंदींचा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोण राबतं आणि कोण नुसतं नाव लावतं, हे आधी अंदाजानं ठरवायचे. आता नोंदीच समोर. तरी नुसत्या नोंदीवर मार्क देणं अन्यायाचं होईल. दोन मुली म्हणाल्या, "मॅडम, आम्ही एकाच लॅपटॉपवर बसून केलंय." चार प्रश्न विचारले, दोघींनाही नीट सांगता आलं. मग कमिटच्या मेसेजखाली जोडीदाराचं नाव सहलेखक म्हणून कसं जोडायचं ते सगळ्यांना शिकवलं. तोंडी परीक्षेत मी आता आधी तो इतिहास उघडते, "हा बदल का केलास?" एवढंच विचारते, आणि मार्क ठरवायला तेवढं पुरतं.

जर्नल मात्र सुटलेलं नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना सही करायला कागद लागतो, म्हणून मुलं कमिटच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून फाइलला लावतात.