हा हात थोरल्याचा आहे

पक्षाघाताचे रुग्ण माझ्याकडे येतात ते निकामी झालेला हात किंवा पाय घेऊन. तो हात कोणाचा, हा प्रश्न सहसा निघत नाही. सोलापुरातील ज्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, तेथे एका डिसेंबरात तो निघाला आणि वॉर्डात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले. रुग्ण पूर्व भागातील, साठी ओलांडलेले, उभा जन्म यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणण्यात घालवलेले गृहस्थ होते. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे मामांच्या शरीराची डावी बाजू गेली होती. वाचा मात्र शाबूत होती, कारण बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. स्मरणही पक्के होते. जकार्ड मागावर चादरीची नक्षी बदलायची तर कोणती कार्डे कशी लावायची, चालत्या मागाच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडले आहे ते कसे ओळखायचे, हे ते मला उत्साहाने समजावून देत. जेवताना ताटाच्या उजव्या अर्ध्या भागातले तेवढे खात, डावीकडची शेंगाचटणी तशीच राही आणि चटणी वाढलीच नाही म्हणून ते मामींवर चिडत. ताट फिरवून दिले की चटणी सापडे. उजव्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत डावीकडच्या जगाकडे असे दुर्लक्ष होणे आम्हाला नवे नसते.

"मामा, डावा हात वर करा," असे मी म्हटले तेव्हा हात पांघरुणावर निपचित पडून होता. "केला की," मामा म्हणाले. हेही आम्हाला परिचयाचे असते. आपल्याला पक्षाघात झाला आहे याचीच रुग्णाला जाणीव नसणे, या अवस्थेला फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये नाव दिले. म्हणून मी तो हात उचलून त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, उजवीकडे आणला आणि हा कोणाचा, असे विचारले. मामांनी तो सावकाश न्याहाळला. "हा? हा थोरल्याचा."

थोरला भाऊ वारून बरीच वर्षे झाली होती, हे मामांना ठाऊक होते. विचारल्यावर ते त्यांनी स्वतःच सांगितले. मग त्याचा हात येथे कसा, यावर "ते काय की, इथंच ठेवून गेलाय" एवढेच उत्तर मिळाले. तुमचा स्वतःचा डावा हात कुठे आहे, असे विचारल्यावर "असंल की इथंच कुठंतरी." मराठीत काही गफलत होत असेल अशी शंका नको, म्हणून मी मामींना तेच तेलुगूत विचारायला लावले. "नादि कादु," मामा ठामपणे म्हणाले. माझा नाही.

त्या हाताच्या अनामिकेत सोन्याची अंगठी होती. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी घातलेली, असे मामींकडून मला कळले होते. ही कोणाची, असे विचारल्यावर मामा म्हणाले, "ज्याचा हात, त्याची." मी साबणाचे पाणी लावून ती काढली. बोट सुजले होते, त्यामुळे वेळ लागला. लोंबता राहिलेला लुळा हात सुजतोच. ती उजव्या तळहातावर ठेवताच मामांचा चेहरा उजळला. "ही माझी. व्याह्यांनी घातलीय. तुमच्याकडं कशी आली?" मी ती पुन्हा डाव्या बोटात सरकवली आणि पुन्हा विचारले. "थोरल्याची." इटलीतील संशोधकांनी १९९६ मध्ये नेमका असाच अनुभव नोंदवला आहे: डावा हात नाकारणारी रुग्ण त्या हातातल्या अंगठ्याही नाकारत होती आणि त्याच अंगठ्या दुसरीकडे दिसल्या की ओळखत होती. वाचलेले असूनही, ते प्रत्यक्ष आपल्या हातून घडताना पाहणे निराळे असते.

स्वतःचा अवयव दुसऱ्याचा आहे असे ठामपणे मानण्याच्या या अवस्थेला जोसेफ गेर्स्टमान यांनी १९४२ मध्ये 'सोमॅटोपॅराफ्रेनिया' असे नाव दिले. ती बहुधा उजव्या मेंदूच्या इजेनंतर आढळते. मामांच्या एमआरआयमध्ये पार्श्विक खंडाचा आणि त्याच्या खाली दडलेल्या इन्सुला या भागाचा काही अंश मेलेला दिसत होता. आपल्या शरीराकडून येणारा स्पर्श, हालचाल, सांध्यांची स्थिती आणि डोळ्यांना दिसणारे चित्र यांचा जेथे मेळ घातला जातो, त्या व्यवस्थेतील ही ठिकाणे आहेत. माझ्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. मामा रात्री तो 'परका' हात उजव्या हाताने ढकलून खाटेबाहेर टाकत. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असताना हात असा लटकत राहिला, तर त्याच्या वजनाने सांधा खाली सरकतो आणि पुढे तो खांदा असह्य दुखतो. म्हणून हाताखाली उशी, रात्रपाळीच्या सिस्टरांना सूचना आणि मामांची रोजची तक्रार: "याला घेऊन जा हो, लई जागा अडवायलाय."

मामांच्या मुलाचा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. त्याने मला जिन्यात गाठून विचारले, "मॅडम, हे मनाचं आहे का शरीराचं, तेवढं स्पष्ट सांगा." शरीराचे असेल तर भावकीत सांगता येईल, मनाचे असेल तर लपवावे लागेल, एवढा सरळ हिशेब त्या प्रश्नामागे होता, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही, रुग्णालयाच्या कागदांवरही मेंदूविकार आणि मानसोपचार असे दोनच रकाने असतात. मी त्याला सांगितले की इजा मेंदूत आहे, म्हणजे शरीरात आहे, वडिलांना वेड लागलेले नाही. तो निश्चिंत झाला. माझे स्वतःचे मात्र त्या उत्तराने समाधान झाले नाही, कारण मामांचे जे हरवले होते ते स्नायूंचे बळही नव्हते आणि विचारशक्तीही नव्हती. ज्या हातात बळ नाही तो आपला वाटणारे रुग्ण माझ्याकडे रोज येतात. येथे 'माझा' हा भावच त्या हातापुरता पुसला गेला होता.

मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये आहेत असे मांडणाऱ्या रने देकार्तलाही ही अडचण जाणवली होती. १६४१ मध्ये त्याने लिहिले की खलाशी नावेत बसतो तसा मी शरीरात बसलेलो नाही. तसे असते तर अंगाला जखम झाल्यावर मला वेदना झालीच नसती, नावेचे काही मोडले हे खलाशाला दिसते तशी ती जखम मला नुसती दिसली असती. दोन वर्षांनी बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्रातून विचारले की ज्याला आकारमानच नाही ते मन शरीराला हलवते तरी कसे, आणि त्याला तिचे समाधान होईल असे उत्तर देता आले नाही. मामा त्या एका हातापुरते खरोखरच खलाशी झाले होते: हात दिसत होता, त्याची सूज दिसत होती, बस्स.

मामींचे स्पष्टीकरण वेगळे होते. त्यांनी मार्कंडेयाच्या देवळातला अंगारा आणून त्या हाताला लावला आणि दबक्या आवाजात मला विचारले, "थोरल्या भावजींचं काही राहिलंय का? तेच तर हातात येऊन बसले नसतील?" वैद्यकाच्या दृष्टीने याला आधार नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. पण हे नमूद केले पाहिजे की साऱ्या वॉर्डात मामांचे म्हणणे शब्दशः खरे धरून त्याचा अर्थ लावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीचे त्यांना समजावत होते, क्वचित हसत होते. मामी त्या हाताशीही अदबीने वागत, उशीवर ठेवताना हळू ठेवत, आणि खांद्याच्या दृष्टीने मला हवे होते ते नेमके तेच होते.

तिसरे उत्तर मामांच्या लिंगायत शेजाऱ्यांचे. वचने मुखोद्गत असलेले, तरुणपणी सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेललेले हे सद्गृहस्थ रोज संध्याकाळी येत. ते म्हणाले, "देह आपला नाहीच. आपण नुसतं तोंडानं म्हणतो, मामाला ते खरंच कळलंय." मला हे पटले नाही. देह म्हणजे मी नव्हे, हे सांगणाऱ्या परंपरेत सारा देहच बाजूला ठेवायचा असतो. फक्त डावा हात टाकून बाकीचा देह मजेत बाळगणे म्हणजे वैराग्य नव्हे. आणि मामांच्या बोलण्यात अलिप्तता नव्हती, अडगळीबद्दलची चीड होती. उलट सांख्यांनी 'मी' आणि 'माझे' म्हणणाऱ्या अहंकाराला मन-बुद्धीसह प्रकृतीत, म्हणजे देहाच्याच बाजूला ठेवले आहे, पुरुष, म्हणजे नुसते पाहणारे चैतन्य, तेवढा वेगळा. मामांच्या एमआरआयसमोर उभे राहून विचार केला तर देकार्तपेक्षा ही मांडणी अधिक जवळची वाटते: 'माझे' म्हणणारी शक्तीसुद्धा देहाचा भाग असेल, तर ती त्याच्याबरोबर जखमी होणार.

हेच शेजारी नंदीध्वजाविषयी बोलू लागले की गंमत होई. संक्रांत जवळ आली होती, सराव सुरू झाले होते, आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत कंबर सावरून सांगत, की त्या उंच काठीचा शेंडा वाऱ्याने जरा कलला तरी खाली आपल्याला तो आपल्याच अंगात कललेला कळतो, वर बघावे लागत नाही. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी १९११ मध्ये हेच लिहिले होते, की मेंदू जपत असलेला शरीराचा आराखडा कातडीपाशी संपत नाही. हातातल्या वस्तूच्या टोकापर्यंत, बाईच्या टोपीवरच्या पिसापर्यंतही तो पोहोचतो. देह आपला नाही म्हणणाऱ्या माणसाचा देह काठीच्या शेंड्यापर्यंत गेलेला, आणि त्याच्यासमोरच्या खाटेवर डावा हात डाव्या खांद्यापाशीच तुटलेला.

चालण्याच्या सरावासाठी आमच्या विभागात पुरुषभर उंचीचा आरसा आहे. लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये केलेल्या एका निरीक्षणाची मला आठवण होती, म्हणून मी मामांना व्हीलचेअरवरून तेथे नेले. डावीकडे त्यांचे लक्ष जात नसल्यामुळे आरसा बराच उजवीकडे घ्यावा लागला. समोर कोण, असे विचारल्यावर "मी. दाढी वाढलीय." मग मी आरशातल्या डाव्या हाताकडे बोट दाखवले.

"हा हात कोणाचा, मामा?"

"माझाच की. आणि कुणाचा?"

मी त्यांची मान हलकेच खाली वळवून मांडीवर ठेवलेला तोच हात दाखवला.

"हा थोरल्याचा."

पुन्हा आरसा: माझा. पुन्हा मांडी: थोरल्याचा. दोन्ही उत्तरे सारख्याच खात्रीने, क्षणाचाही विलंब न लावता. आरशात दिसतो तो हात आणि हा हात एकच ना, असे मी शेवटी विचारले, तेव्हा मामा मला समजूत घालावी तसे म्हणाले, "आरशातलं आरशात."

आरशात आपण स्वतःला दुसऱ्याच्या नजरेने पाहतो. समोरच्या माणसाला दिसतो तो देह मामांचा होता, सबंध, दोन्ही हातांसह. स्वतःच्या खांद्यावरून खाली पाहिले की मात्र त्यातला एक हात त्यांचा राहत नव्हता. धडधाकट माणसांत बाहेरून दिसणारा देह आणि आतून लाभलेला देह एकमेकांवर इतके चपखल बसलेले असतात, की हे दोन आहेत असा संशय यायलाही जागा नसते. आरशाचे काम आम्ही पुढेही रोज चालू ठेवले. त्याच्या जोडीला मामांचा उजवा हात धरून डाव्या हातावरून बोटांपासून दंडापर्यंत सावकाश फिरवायचा, म्हणजे शिवणारा आणि शिवला जाणारा एकच आहे ही खूण मेंदूला दोन्हीकडून मिळते.

ही अवस्था बऱ्याच रुग्णांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआपच ओसरते, त्यामुळे श्रेय कोणाचे, यावर मी वाद घालत नाही. मामींनी घरी थोरल्याच्या नावाने काही विधी करवून घेतला होता, मुलाचा गोळ्यांवर विश्वास होता. शेजाऱ्यांना थोडी हळहळ वाटली की काय, अशी मला शंका आहे. संक्रांतीनंतर एके सकाळी मामांनी स्वतःहून तक्रार केली, "मॅडम, माझा खांदा लई दुखायलाय." मी डावा हात वर करायला सांगितले. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "उचलत नाही."

त्यानंतरचे दिवस अवघड गेले. मागाच्या गोष्टी थांबल्या, जेवण कमी झाले, आणि ज्या मानसोपचाराच्या रकान्याची मुलाला धास्ती होती तेथे मामांना आता खरोखर न्यावे लागले. आपल्या हातात बळ नाही हे कळायला तो हात आधी आपला व्हावा लागतो. औषध सुरू झाले. काठी धरून ते चालू लागले, हातात मात्र फारसे काही परतले नाही, आणि तसे होण्याची शक्यता अधिक आहे हे मी त्यांच्यापासून लपवले नव्हते. घरी जाण्याच्या सुमारास मी विचारले, की हा हात थोरल्याचा आहे असे आपण म्हणत होता, ते आठवते का.

"आठवतंय की. तेव्हा तो थोरल्याचाच होता." त्यांनी उजव्या हाताने डावे मनगट धरून उशीवर नीट ठेवले. "थोरल्याचा होता ते बरं होतं, मॅडम. दुखत तरी नव्हता."