नळी कानाला लावून

आजचा अख्खा रविवार गॅरेजमध्ये गेला. बाहेर बर्मिंगहॅमची नेहमीची रिपरिप, आत मी आणि 1972 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दाराखालची सिल कापली तेव्हा ओंजळभर गंजाचा भुगा निघाला होता. त्या वेल्डिंगच्या आठवणी आज नकोत.

आजचं काम दोन एसयू कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) जुळवायचं. दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे. त्यासाठी उपकरण मिळतं, पण मी रबरी नळीचा तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. पुढचा जोरात 'स्स्स' करतोय, मागचा नुसता कुजबुजतोय. स्क्रू जरासा फिरव, ऐक, परत फिरव. मग कार्बोरेटरमधला पिस्टन किंचित उचलून बघायचा: इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, गचकून बंद पडलं तर कमी. तीन तास हेच. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

नळीची युक्ती बाबांची. कोल्हापुरात आमची अँबॅसिडर होती, 1489 सीसीची. तिचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची पालिका नव्हे) बी-सिरीजचं, आणि हिचं 1798 सीसीचंही त्याच घराण्यातलं. म्हणजे ही लाल नखरेल गाडी आमच्या त्या ढोल्या पांढऱ्या गाडीची चुलत बहीण! (इथल्या एमजीवाल्यांना हे सांगितलं की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.)

शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन बॉनेटखाली धरला. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "मागचा अजून उपाशी आहे रे."

परत पाना हातात घेतला.