आनंदपूर साहिब ठराव आणि खलिस्तान

मी नांदेडचा असल्यामुळे, तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा विषय निघाला की पुष्कळ जण पुढे हमखास विचारतात, ‘आनंदपूर साहिब ठराव म्हणजे खलिस्तानचीच, वेगळ्या शीख राष्ट्राचीच, मागणी होती ना?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते, नाही. अकाली दल या शिखांच्या पक्षाच्या कार्यकारिणीने 1973 साली संमत केलेल्या या ठरावात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, दळणवळण अशी मोजकी खाती केंद्राकडे ठेवून बाकीचे अधिकार राज्यांना द्यावेत, अशी मागणी होती. 1978 च्या लुधियाना अधिवेशनात तर ती सर्वच राज्यांसाठी, संघराज्याच्या भाषेत मांडली गेली. चंदीगड, नदीचे पाणी आणि शेजारच्या राज्यांत राहिलेला पंजाबी भाषक मुलूख हे प्रश्न 1966 च्या पंजाबच्या पुनर्रचनेतून उरलेले होते, आणि बेळगावचा वाद जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला त्यांचे विशेष नवल वाटू नये. मात्र त्याच ठरावात खालसा पंथाच्या, म्हणजे शीख समुदायाच्या, वर्चस्वाची भाषाही होती, त्यामुळे पंजाबातील हिंदूंना वाटलेली धास्ती निराधार म्हणता येत नाही.

धार्मिक ओळखीचा प्रश्न याहून नाजूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मधील पहिले स्पष्टीकरण कृपाण धारण करणे हा शीख धर्माचा भाग मानते, तर त्याखालचेच दुसरे स्पष्टीकरण हिंदू या उल्लेखात शीख, जैन आणि बौद्धांना सामावून घेते. हे दुसरे स्पष्टीकरण समाजसुधारणा आणि हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणे याविषयीच्या उपखंडापुरतेच आहे, असे कायदेपंडित सांगतात आणि ते खरेही आहे. पण ज्याची ओळख परस्पर ठरवली गेली, त्याचे समाधान एवढ्याने होत नाही. फेब्रुवारी 1984 मध्ये अकाली नेते प्रकाशसिंग बादल यांनी दिल्लीत याच अनुच्छेदाची प्रत जाळली. शीख विवाहांसाठीचा आनंद विवाह कायदा 1909 चा असूनही त्याखाली विवाहनोंदणीची तरतूद व्हायला 2012 साल उजाडावे लागले.

पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली दलाचे अध्यक्ष हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यातील जुलै 1985 च्या करारानुसार 26 जानेवारी 1986 रोजी चंदीगड पंजाबला मिळायचे होते. करारानंतर महिनाभरातच लोंगोवालांची हत्या झाली, ती तारीखही तशीच उलटून गेली, आणि आजही चंदीगड केंद्रशासित प्रदेश असून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. सशस्त्र शीख गटाचे नेते भिंद्रनवाले आणि त्यांच्या बंदुकांबद्दल लोक भरभरून बोलतात. सहीशिक्क्याचा करार कागदावरच का राहिला, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.