दोघींचं लग्न, तेपण कोल्हापुरात: माझा अनुभव

लग्न ठरवलेल्या बऱ्याच जोड्या मला एकच विचारतात, हॉलवर पोलिस आले तर? कोण येत नाही ओ. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ लाच उतरवलं आणि दोन सज्ञान बायकांनी आपली माणसं बोलवून एकमेकींना हार घालणं हा कुठल्याच कायद्यात गुन्हा नाही. फक्त ते लग्न सरकारदरबारी नोंदवत नाहीत, सर्टिफिकेट मिळत नाही. हे काही थोडंथोडकं नाही, पण त्यावर करण्यासारखं बरंच आहे.

आमची तारीख मे २०२५ ची धरलेली आणि जानेवारीत सुप्रीम कोर्टानं रिव्ह्यू, म्हणजे फेरविचाराची मागणी फेटाळली, म्हणजे समलिंगी लग्नावरचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल कायम. आत्या लगेच म्हणाली, कोर्टच नको म्हणतंय तर हौस कशाला करताय. मग हिनं, म्हणजे माझ्या जोडीदारानं, सगळ्यांना बसवून मराठीत सांगितलं की लग्नाचा हक्क दिला नाही हे खरं, कायदा करायचा तर संसदेनं करावा म्हणालेत, पण दोघींनी एकत्र राहायला कुणाचीच ना नाही. त्यावर पप्पांनी शाहू महाराज काढले, महाराजांनी १९१९ ला आंतरजातीय लग्नाचा कायदा केला तेव्हा काय सगळा गाव खूश होता काय म्हणे (आमच्यात नळाच्या पाण्यावरून वाद झाला तरी शाहू महाराज येतात). आत्या गप्प बसली. पटलं म्हणून का वैतागून, कुणास ठाऊक.

गुरुजी शोधत बसलोच नाही. आपल्याकडं सत्यशोधक पद्धत आहेच की, भटजी नाही, मुहूर्त नाही, दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांना वचन द्यायचं आणि मंगलाष्टका म्हणायच्या. आम्ही त्यातलं वधू-वर काढून दोघींची नावं घातली, चालीत बसेना म्हणून हिच्या मामानं रात्रभर खटपट केली आणि शेवटी जमवलं. आईला अक्षता पायजेच होत्या, तांदूळ नको म्हटल्यावर झेंडूच्या पाकळ्यांवर तडजोड झाली.

पत्रिकेची मजा वेगळीच. प्रेसवाल्या काकांनी प्रूफ बघून फोन केला, "ताई, दोन्हीकडं चि. सौ. कां. पडलंय, नवऱ्या मुलाचं नाव राहिलं बघा." मी म्हटलं राहिलं नाही काका, तसंच आहे. थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाले, "बरं. मग गणपती लाल छापू का सोनेरी?" मी ज्या प्रश्नाची महिनाभर धास्ती घेतलेली तो त्यांनी विचारलाच नाही.

आता कागदांचं, हे लग्नाआधीच उरका. जॉइंट अकाउंटला आम्हाला एका बँकेत भरपूर फिरवलं, कधी मॅनेजर नाहीत, कधी नातं काय ते लिहा, बहीण लिहू का. खोटं नातं अजिबात लिहू नका, पुढं तेच नडतं. अर्थ खात्यानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय की समलिंगी जोडप्यांना जॉइंट अकाउंट काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसली आडकाठी नाही. त्याची प्रिंट टेबलावर ठेवली आणि काम झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक न्हवे, पैसे त्याच्या हातात येतात, हक्क वारसांचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र पायजेच. स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण आम्ही केली, कारण उद्या चुलतभाऊ उगवला तर साध्या कागदावर भांडत बसायला नको. दवाखान्यासाठी लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे ते आधीच लिहून ठेवायचा कागद) केलं, २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोर चालतं, आपल्याला बोलता आलं नाही तर कुणाला विचारायचं हे त्यात लिहिता येतं. आम्ही तिथं एकमेकींचं नाव घातलं आणि जोडीला हिच्या भावाचं.

सरकारी फॉर्मवर मात्र 'विवाहित'वर टिक करू नका, मनाला कितीही लागलं तरी. आणि घर घेणार असाल तर सुरुवातीलाच दोघींच्या नावावर घ्या, कुणाचे किती पैसे ते खरेदीखतात लिहून. नवरा-बायकोनं एकमेकांना काही दिलं तर घेणाऱ्याला गिफ्टचा टॅक्स नाही, आपल्याला वर्षात ५०,००० च्या वर गेलं की सगळ्या रकमेवर लागतो. आमचा वकील हे सांगायला तयार होता म्हणून बरं, आधीचा एक जण नुसता "कशाला या भानगडीत पडताय" म्हणत बसायचा. असला भेटला तर फी द्यायच्या आधीच उठा.